हात लागला होता

मोहिते, गेल्या रविवारी तुमची शोकसभा झाली आणि तीत तुम्हाला मितभाषी म्हटले गेले.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आपल्या भारतीय विद्यार्थी संघाचे चिटणीस बोलत होते. ते तुम्हाला एकूण दोनदा भेटले असतील, आणि त्यांपैकी एकदा तुम्ही हातवारे करताना त्यांच्या अंगावर चहा सांडला होता. "शांत, सोशिक आणि मितभाषी," असे ते म्हणाले आणि सभेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मला उठून हरकत घ्यावीशी वाटली. तीन विधाने, तिन्ही चुकीची, आणि एकालाही पुरावा नाही. माणूस मेला की त्याचे बोलणे थांबते, हे मला समजते. तो आधीही बोलत नव्हता, असे ठरवण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला, ते समजत नाही.

बाहेर कोट चढवताना चिटणीसांच्या पत्नी जवळ आल्या. "तुमचं नि त्यांचं फारसं पटत नव्हतं ना? तरी आलात हो, बरं केलंत."

मी "हो" म्हणाले. काय सांगणार होते? आमचे पटत नव्हते हे खरेच होते. पाच वर्षे, दर शनिवारी, न चुकता पटत नव्हते. त्यासाठी मी त्सुफेनहाउझेनहून येणाऱ्या तुमच्या ट्रामची वाट पाहत असे आणि तुम्हाला यायला उशीर झाला तर मला राग येत असे. हे त्या बाईंना कोणत्या शब्दांत सांगायचे?

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही ती प्रत्येकाला वेगळी करून सांगत होता. खरी अशी होती. मी स्टुटगार्टला येऊन चार दिवस झाले होते. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, बटाट्यांच्या ताटासमोर मी एकटी बसले होते. तुम्ही समोर येऊन बसलात.

"पुण्याच्या का?"

"हो."

"कुठलं कॉलेज?"

मी कॉलेजचे नाव सांगितले. तुम्ही काटा खाली ठेवलात. तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला वाटले आपली काही दूरची ओळख निघणार.

"म्हंजे आमच्याकडनं फायनल हरलेलं!"

"हरलेलं नाही. फसवलं गेलेलं."

"आरं तिच्या! बसा बाई, बसा. लई दिवसांनी कुणीतरी गावलं."

मी बसलेलीच होते. तेही तुमच्या लक्षात आले नव्हते.

तो सामना मी पुन्हा एकदा सांगते. आता मध्ये बोलायला कोणी नाही. अकरा वर्षांपूर्वी तुमचे कोल्हापूरचे कॉलेज आणि आमचे पुण्याचे कॉलेज आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. सामना पुण्यात होता. तुमची माणसे दोन ट्रक भरून आली होती आणि मध्यरेषेजवळ उभी राहून सकाळपासून ओरडत होती. आम्ही विज्ञान शाखेच्या सहा मुली. मुलांच्या गर्दीपासून दूर राहाव्यात म्हणून आमची बाके मैदानाच्या अगदी एका टोकाला, कोपऱ्यात, गोलच्या खांबापासून पंधरा पावलांवर मांडली होती. शालीनतेच्या त्या व्यवस्थेमुळे मैदानातली सर्वांत चांगली जागा आम्हाला मिळाली, हे व्यवस्था करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

सामना संपता संपता उजवीकडून उंच चेंडू आला. तुमचा बापू जाधव अनवाणी पायांनी उडाला, चेंडू त्याच्या पुढ्यात पडला आणि त्याने तो आत मारला. पंच त्याच्या पाठीमागे होते. त्यांनी गोल दिला. तुम्ही एक-शून्याने जिंकलात.

चेंडू त्याच्या हाताला लागला होता. डाव्या हाताला, कोपराच्या खाली. मी ते पाहिले आणि उभी राहून ओरडले, "हात! हात!" आमच्यावर देखरेखीला असलेल्या बाईंनी माझा पदर धरून मला खाली ओढले. "परांजपे, खाली बस. शोभतं का हे?" बाकीच्या पाच मुली समोर पाहत राहिल्या. घरी दादाला सांगितले. तो आमच्या संघाचा गोलरक्षक होता. तो म्हणाला, "मी गोलात उभा होतो, मला दिसलं नाही, आणि तुला दिसलं?" त्याचे मित्र हसले. एकाने विचारले, "फुटबॉलमध्ये हात लागलेला चालत नाही, हे तरी कुणी सांगितलं तुला?"

मी सतरा वर्षांची होते. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले: पाहणे पुरेसे नसते, पाहणारा कोण आहे हेही लोक पाहतात. पुढे मी पदार्थविज्ञान का घेतले, असे मला विचारतात तेव्हा मी वेगळी उत्तरे देते. खरे उत्तर ते कोपऱ्यातले बाक आहे. जिथे मोजमाप बोलते आणि मोजणाऱ्याचा पदर कोणी ओढत नाही, अशी जागा मला हवी होती.

आणि सात समुद्र ओलांडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात बटाट्यांच्या ताटापलीकडून तुम्ही म्हणता, "छातीवर घेतला ओ त्यानं. मी स्वतः बघितलं की!"

"कुठून?"

"मध्यरेषेवरनं."

"म्हणजे साठ यार्डांवरून. आणि मी पंधरा पावलांवरून."

"अंतराचं काय सांगताय? तुम्ही पुण्याच्या बाजूला बसला हुता."

पुढच्या शनिवारी मी वही घेऊन आले. ती वही माझी कल्पना होती, हे मी आज मान्य करते. एरवी तुम्ही ती तुमची म्हणून सांगत होता. आमच्या इन्स्टिट्यूटची प्रयोगवही, पाने छापील क्रमांकांची. इथे तिला प्रोटोकोल म्हणतात. नियमही प्रयोगशाळेचेच: शाईने लिहायचे. खोडरबर नाही, चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाराची सही आणि ज्याने वाचली त्याची सही, तारखेसह. तारीख खरी, मागची घालायची नाही. आणि माझा स्वतःचा नियम: कारण दिल्याशिवाय कोणी माघार घ्यायची नाही. वही एका शनिवारी माझ्याकडे, पुढच्या शनिवारी तुमच्याकडे.

पाच वर्षांत आपण बासष्ट पाने भरली. सूर्य कुठे होता, पंच कुठे उभे होते, अनवाणी खेळणारा माणूस उडताना हात कुठे ठेवतो. तुम्ही यंत्र अभियांत्रिकीचे. तुमच्या आकृत्या सुरेख आणि निष्कर्ष भयंकर. सतराव्या पानावर तुम्ही लिहिलेत की पुण्याची पोरं पास देण्याआधी पाढे म्हणतात. मी त्याखाली लिहिले की कोल्हापूरची पोरं पास देतच नाहीत, म्हणून तुलना अशक्य. तुम्ही दोन्हींवर सही केलीत.

आपण फक्त जुन्या सामन्यावर भांडत होतो असेही नाही. यंत्र विभाग विरुद्ध भौतिकी विभाग असे विद्यार्थ्यांचे सामने थंडीतसुद्धा होत. तुम्ही मैदानाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मध्यंतरात तुम्ही अर्धा वळसा घालून माझ्या बाजूला येत होता आणि भर मैदानावर आपण मराठीत भांडत होतो. तुमच्या विभागातल्या एका जर्मन मुलाने एकदा अदबीने विचारले, तुमचे लग्न होऊन किती वर्षे झाली? तुम्ही गंभीरपणे सांगितलेत, "लग्न नाही झालेलं. आम्ही वेगवेगळ्या कॉलेजचे आहोत." त्याला वाटले, हिंदुस्थानातली ही एखादी कडक चाल असावी. तो मला "क्षमा करा" म्हणून गेला.

मी हसले नाही. म्हणजे तुमच्यासमोर हसले नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या प्राध्यापकांनी माझी मोजणी एका सहकाऱ्याकडून पुन्हा करवून घेतली. त्या सहकाऱ्याच्या मोजण्या मात्र कोणी पुन्हा करत नव्हते. मी शनिवारी आले ती संतापून. तुम्ही सहानुभूती दाखवली नाहीत. तुम्ही विचारलेत, "किती येळा मोजलंत?"

"चौदा."

"चौदाही जुळल्या?"

"हो."

"मग तुमचं बरोबर हाय. त्यांना काय करायचं ते करू दे." आणि मग, सूप ढवळत, "संघ मात्र तुमचा टुकारच."

"माझ्या चौदा मोजण्यांवर तुमचा विश्वास आहे आणि डोळ्यांवर नाही?"

"बाई, मोजलेलं येगळं आणि बघितलेलं येगळं. बघताना माणूस कुणाच्या तरी बाजूला बसलेला असतोय. तुम्हीबी आणि मीबी."

मी त्या दिवशी ताट अर्धे टाकून निघून गेले. तुमचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणून अधिकच राग आला. पण एक गोष्ट मला ट्राममध्ये उमगली आणि ती मी तुम्हाला कधी सांगितली नाही. या देशात लोक मला 'फ्रॉइलाइन', म्हणजे कुमारी, म्हणत, दार उघडून धरत, माझे ऐकून घेत आणि विसरून जात. आपल्या मंडळात मला "तुम्ही हुशार आहात हो" म्हणत आणि विषय बदलत. मला खोडून काढण्याचे कष्ट घेणारे तुम्ही एकटे होतात. मला तोंडावर चूक म्हणण्याइतके तुम्ही मला खरे मानत होता.

याच उन्हाळ्यात लंडनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचा तो गोल झाला आणि सगळ्या स्टुटगार्टने कागद-पेन्सिली काढल्या. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही! आमच्या इन्स्टिट्यूटच्या फळ्यावर आठवडाभर समीकरणांच्या जागी गोलचे खांब होते. तुम्ही आलात, फळा पाहिलात आणि म्हणालात, "ही माणसं नुसत्या रेघा मारत बसल्यात. मैदानात जो हुता त्याला जाऊन इचारा की."

मी म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, आणि तो खरं सांगणार!"

तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही काही बोलला नाहीत, ही असाधारण घटना मी नोंदवायला हवी होती. मी एकसष्टाव्या पानावर नवी आकृती काढली, अर्धे पान भरले, सही केली आणि वही तुमच्याकडे दिली. ती दोन महिने परत आली नाही. मी तीनदा मागितली. "देतो की," एवढेच. शनिवारही चुकू लागले. विचारले तर, "जरा तपासणी चाललीया, बाकी काय न्हाई."

जरा तपासणी. मोहिते, तुमची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती आणि तुम्हाला ते जूनपासून माहीत होते. तुमच्या घरमालकीण फ्राउ केलर यांनाही माहीत होते. ज्या बाईंशी तुम्ही फक्त कोळसा आणि जिन्याची सफाई यांवर बोलता असे मी समजत होते, त्यांना तुम्ही सांगितलेत. मला नाही.

ऑक्टोबरात मी इस्पितळात आले ती फ्राउ केलर यांच्या निरोपामुळे. रविवारची दुपार होती, भेटीची वेळ. तुमचा चेहरा सुजला होता. उशाशी वही होती. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत, बासष्टाव्या पानावर उघडून. वर तारीख, खाली तुमच्या हस्ताक्षरात एवढेच:

'हात लागला होता. मान्य. मोहिते.'

मला काय वाटले ते आता स्पष्ट सांगते. मला वाटले, हा माणूस मरणार आहे आणि जाता जाता मला खाऊ देतो आहे. पाच वर्षे ज्याने एक इंच दिला नाही, तो आज बिछान्यावरून दया वाटतो आहे. 'तुम्ही हुशार आहात हो' म्हणणाऱ्यांच्या रांगेत शेवटी तुम्हीही जाऊन उभे राहिलात, असे मला वाटले.

"हे काय आहे?"

"वाचा की. सही करा."

"कारण कुठे आहे? कारणाशिवाय माघार नाही. नियम आहे."

"मागलं पान बगा."

"मागचं पान मला पाठ आहे. ते मीच लिहिलंय."

"बाई, बगा तरी."

"मला तुमची मेहेरबानी नको आहे, मोहिते. बरे व्हा आणि नीट भांडा." मी वही मिटली आणि तुमच्या पांघरुणावर ठेवली.

तुम्ही हसलात. म्हणालात, "तुमची पोरं हरली ती ह्यामुळंच. समोर बघतच न्हाईत." तेवढ्यात परिचारिका आली, वेळ संपली म्हणाली, आणि मी निघाले. दारातून मागे वळून पाहिले नाही. पुढच्या रविवारी काय बोलायचे याचे मुद्दे मी ट्राममध्ये काढत होते. पुढचा रविवार आलाच नाही. तुम्ही शुक्रवारी गेलात.

तुमचे सामान बांधायला मी गेले तेव्हा फ्राउ केलर यांनी वही मला दिली. मी त्यांना जर्मनमध्ये, फार सभ्य नसलेल्या स्वरात विचारले, की मला का नाही सांगितले? त्या दोरीवर पुसणी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "त्यांनीच सांगू दिलं नाही. म्हणायचे, तिला कळलं तर ती माझ्यावर ओरडायची थांबेल. आल्झो, मग मी कशाला सांगू?"

म्हणजे तुम्हाला माझ्या दयेची भीती होती, आणि मला तुमच्या. दोघे एकाच गोष्टीला घाबरत होतो, आणि बासष्ट पानांत कोणी ते लिहिले नाही.

वही मी चार दिवस उघडली नाही. मग उघडली. एकसष्टावे पान. वर माझी आकृती, जशी पाठ होती तशी. खालचे अर्धे पान मी कोरे सोडले होते. तिथे कागलहून आलेले हवाई पत्र चारी कडांना डिंक लावून नीट चिकटवले होते. पत्र बापू जाधवचे. तो तिथल्या शाळेत कवायत शिकवतो, हे मला पत्रावरून कळले. तुम्ही ऑगस्टमध्ये त्याला लिहिले होते. मैदानात जो होता, त्याला जाऊन विचारले होते.

त्याने लिहिले आहे:

'दोस्ता, तू इतक्या लांबनं इचारलंस आणि आजारी हाईस म्हणून खरं सांगतो. हात लागला हुता. मुद्दाम न्हवं, पर लागला हुता. डावा, कोपराच्या खाली. पंचानं गोल दिला, पोरांनी उचलून घेतलं, मग सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्या कोपऱ्यात पुण्याच्या पोरी बसल्या हुत्या. त्यातली एक उभी ऱ्हाऊन हात हात म्हणून वरडली. कुणीतरी तिला खाली वडली. त्या सगळ्या दंग्यात मला तेवढंच ऐकू आलं. आजून कधीकधी ऐकू येतंय. ती कोण हुती कुणास ठाऊक.'

शेवटच्या वाक्याखाली तुम्ही लाल शाईने रेघ ओढली आहे. समासात तुमचे अक्षर, आजारामुळे थोडे हललेले: 'ही परांजपेबाई.'

मोहिते, मी तुमच्यावर रागावले आहे. एरवी मैदान डोक्यावर घेणारा माणूस, त्या दिवशी ओरडला का नाहीत? वही माझ्या नाकासमोर का धरली नाहीत? "बगा" असे दोनदा हळू म्हणून थांबलात. मी एक शब्द ऐकावा म्हणून पाच वर्षे चार टेबलांना ऐकू जाईल असे बोलत होता, आणि जेव्हा खरेच सांगण्यासारखे होते तेव्हा मितभाषी झालात. त्या चिटणीसांचे एक विशेषण एका दुपारपुरते खरे ठरले, ही मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट आहे.

आणि माझे काय? माझ्या पाहण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून अकरा वर्षे धुमसणारी मी, 'पहा' म्हटल्यावर पाहिले नाही. पान पाठ आहे म्हणाले. हे मी माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने केले असते तर त्याची वही परत फेकली असती.

तुमची ती नोंद दया नव्हती. ते निरीक्षण होते. स्वतःच्या बाजूविरुद्ध गेलेले, पुराव्यासह, नियमाप्रमाणे. मला असा मान माझ्या प्राध्यापकांनी दिला नाही, दादाने दिला नाही. तुम्ही दिलात, आणि मी त्यावर सही करायला नकार दिला.

आज सकाळी मी सही केली. बासष्टाव्या पानावर, तुमच्या सहीशेजारी. तारीख आजची आहे. ऑक्टोबरातल्या त्या रविवारची घालावी असे एक क्षण वाटले; पण मागची तारीख घालायची नाही, आणि तुम्ही ते पकडले असते.

दादाला बापू जाधवच्या पत्राची नक्कल पाठवली आहे. सोबत एकही शब्द लिहिला नाही.

आता एकच बाकी राहते. हात लागला होता, एवढ्याने तुमचा संघ वाईट ठरत नाही. त्या दिवशी तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळ चेंडू पुढे नेलात, तुमचा डावा बचाव दादाच्या संघाला पूर्ण सामनाभर भारी पडला, आणि एका चुकीच्या गोलावरून संघाची पात्रता ठरवणे हे अवैज्ञानिक आहे. हे सगळे त्रेसष्टाव्या पानावर यायला हवे होते. मला दिसते आहे, तुम्ही ते कसे लिहिले असते, पहिल्या ओळीत आमच्या बुटांवर एक टोमणा मारून. मी त्याला काय उत्तर दिले असते, तेही माझ्याजवळ तयार आहे.

पण ते पान मी लिहिणार नाही. ते तुमचे काम होते.